तांडापेठेतला डावा पाय

आरसा परत आणायला म्हणून मी तांडापेठेत गेले होते, एवढंच काम. मे महिन्यातली दुपार, तीही नागपूरची. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुपट्टा डोक्याला घट्ट बांधून स्कूटर काढली तेव्हा वाटलं होतं, चहाच्या वेळेपर्यंत परत येऊ. आता सांगते ते नीट बसून ऐका, आणि मधेच पंखा थांबला तरी उठू नका.

माझी अर्धी नोकरी सैन्याच्या रुग्णालयात गेली, उरलेली इथल्या एका खासगी दवाखान्यात चालली आहे. फिजिओथेरपीचं काम दोन्हीकडे तेच, पडलेल्या माणसाला उभं करायचं. फौजेत मी दहा मिनिटं म्हटलं की जवान दहाच मिनिटं व्यायाम करायचा. इथं कोणी दोन मिनिटं करतो, कोणी दोन तास, आणि वर मलाच विचारतात, म्याडम, फरक काहून पडत नाही?

विक्रम हेडाऊ मला फौजेतच भेटला. सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. जखम भरली, पण नसलेला पाय दुखायचा थांबला नाही. असं होतं. पाय गेल्याचं मेंदूला उमगतच नाही. "बोटं पिळून राहिलं कोणीतरी," असं म्हणत तो सहा फुटी गडी उशी चावायचा. त्यावर आमच्याकडे एक साधा उपाय आहे. दोन्ही मांड्यांच्या मधे आरसा उभा करायचा. धड पाय आरशासमोर, तुटका आरशामागे. धड पाय हलवला की आरशात गेलेला पाय हलताना दिसतो. मेंदू फसतो, दुखणं उतरतं. वॉर्डात दहा मिनिटं झाली की मी शिट्टी वाजवायचे आणि लगेच आरशावर चादर पडायची. विक्रम त्यावर बरा झाला. घरी जाताना तो आरसा मीच त्याला देऊन टाकला, मोठ्या कौतुकानं.

मग गेल्या उन्हाळ्यात त्याची आई रुखमाबाई मला शोधत दवाखान्यात आली.

"म्याडम, पोराचा चांगला पाय वाळून राहिला."

विक्रमला आणवून सगळ्या तपासण्या केल्या. नसा ठीक, रक्त ठीक. पाय मात्र काडीसारखा झालेला आणि गार. मी रुखमाबाईला विचारलं, आरशासमोर किती वेळ बसतो?

"दुखलं की बसते."

"आणि दुखतं कधी?"

"आरसा हटवला की."

आईच्या मायेला शिट्टी कोण वाजवणार! पोराचं दुखणं थांबतं म्हटल्यावर तिनं आरशावर चादर टाकलीच नव्हती. मी कपाळाला हात लावला आणि त्याच आठवड्यात आरसा आणायला निघाले.

घर विणकरांचं. पुढच्या खोलीत विक्रमचा पलंग, मागच्या खोलीत त्याच्या वडिलांचा हातमाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पायानं दाबायच्या लाकडी पट्ट्या. वडील गेल्यापासून माग बंद होता. खिडक्यांना चादरी लावून पुढच्या खोलीत अंधार केलेला. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, आणि त्याखाली दुसरा एक, सुताला लावतात त्या आंबट खळीचा. माग बंद असलेल्या घरात ताज्या खळीचा वास कशाला येईल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

विक्रम आरशात बघत बसला होता. माझ्याकडे त्यानं मान वळवली नाही.

"जय हिंद, म्याडम."

"जय हिंद. उजवा पाय हलव बघू."

आरशात पंजा उचलला गेला, बोटं पसरली, पंजा खाली आला. छान, असं म्हणतच मी खऱ्या पायाकडे पाहिलं. तो गादीवर तसाच पडून होता... जराही हलला नव्हता.

त्याच वेळी मागच्या खोलीत आवाज झाला. खट्... मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, खट्. लाकडी पट्टी पायाखाली दबते तसा.

"मागे कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही," रुखमाबाई हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, बाई चक्क खूश होती. "दुपारी चालते. एकच पाय चालते, डावा. ह्याचा बाप गेल्यापासून मुका पडला होता माग. माह्या पोराचा पाय हाय तो, म्याडम. त्याले घराबाहेर कशी काढू?"

मी पलंगाचा कठडा धरला.

"विक्रम, आरसा नेते मी. हा पाय जाईल तुझा. कळतंय का?"

"कळते ना." तो आरशाकडेच बघत होता. "ह्याच्यातलं काढून काढून त्याले देऊन राहिलो मी. जाऊ द्या, म्याडम. दुखणं नको..."

मी आरसा उचलला. त्यानं जी किंकाळी फोडली तशी मी वॉर्डातही ऐकली नव्हती. आरसा काखेत मारून मी दारापर्यंत आले. रुखमाबाईनं अडवलं नाही, नुसती बाजूला झाली.

"न्या. तुमी घरी जासान. त्याचं ओरडणं ऐकाले मीच हावो ना इथं."

पाय वाचवायचा तर पोरगं रात्रंदिवस किंचाळणार, किंचाळणं थांबवायचं तर पाय जाणार. इतकी वर्षं लोकांना उभं केलं, आणि त्या दारात माझ्याकडे त्या माउलीला द्यायला तिसरं काही नव्हतं. आरसा घरी आणून मी माळ्यावर उलटा टाकला आणि खूप रडले.

रुखमाबाईनं करायचं तेच केलं. गादी खाली ओढून लोखंडी कपाटाजवळ नेली आणि कपाटाचं आरशाचं दार उघडून विक्रमच्या मांड्यांमधे आणलं. हे मला कळलं तेव्हा विक्रमला आमच्याच दवाखान्यात भरती केलं होतं, उजव्या पायाची बोटं काळी पडली म्हणून. सर्जन म्हणाले, रक्त खाली उतरतच नाही, कारण सापडत नाही. पाय मांडीपासून काढला. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आत जायची हिंमत झाली नाही.

नंतर धीर करून त्याला भेटायला गेले, भर दुपारीच. म्हटलं, दोन्ही पाय नाहीत, आता तो आरसा तरी कशाला लागेल? व्हीलचेअरवर बसायला शिकवू, दंडात ताकद आणू, हातांवर जगतात की माणसं. खरं सांगते, तेवढी एकच आशा घेऊन मी त्या घराची पायरी चढले.

मागच्या खोलीतून आवाज येत होता. खट्-खट्... खट्-खट्... आता न थांबता, अगदी लयीत.

विक्रम उशांना टेकून बसला होता. चेहरा शांत, दाढी केलेली. कित्येक वर्षांनी झोप झालेल्या माणसासारखा दिसत होता.

"दुखतं का?"

"नाही, म्याडम. दोन्ही तिकडंच हायत आता. मजेत हायत."

"मग हे कपाटाचं दार अजून का उघडं?"

रुखमाबाईनं सांगितलं, पोराला भूक लागली आहे असं सांगावं तितक्या सहज.

"नुसत्या पायानं कापड कसं होईल, म्याडम? धोटा फेकाले हात लागते ना."

तेव्हा मला दिसलं. त्याचा उजवा हात उशीवर, आरशासमोर, तळवा वर करून ठेवला होता. मी धावत जाऊन तो हातात घेतला. गार होता. त्याच्या तळव्यात माझी बोटं सरकवली आणि फौजेतल्या आवाजात ओरडले, "दाब, विक्रम! पूर्ण जोर लाव!"

त्यानं दात आवळले. मानेच्या शिरा फुगल्या. माझ्या बोटांना काहीच लागलं नाही.

त्याच क्षणी मागच्या खोलीत धोटा सुतातून सरकत गेला, आणि पलीकडे कोणीतरी तो झेलला.