दुसऱ्या दिवशी अडखळणारी बस

“बाबांना गाडी लागते हो.”

तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते हे वाक्य. चौदा वर्षं झाली, पण अजून जसंच्या तसं कानात आहे. मामाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी टेबलापाशी बसले होते. समोर हा उभा... दोन दिवसांची दाढी, बोटांना निळा रंग लागलेला आणि छातीशी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा अख्खा कॅबिनेट.

“मग डॉक्टरांकडे न्या,” मी म्हटलं. “हे काय आणलंत?”

“नाही, म्हणजे... कॉम्प्युटरवरची गाडी लागते.” तो कानापर्यंत लाल झाला. “बस चालवायचा गेम आहे. वळण आलं की चित्र अडखळतं, धक्के देत पुढे सरकतं. मग त्यांना मळमळतं.”

त्याच्या वडिलांनी तीस वर्षं बस चालवली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नोकरी सुटली आणि माणूस खिडकीशी गप्प बसून राहायला लागला. म्हणून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या मुलाने त्यांना तो गेम आणून दिला, टेबलाला लावायचं स्टिअरिंगही आणलं. काका, म्हणजे त्याचे बाबा, खुलले. आणि आता हे असं.

मी मशीन दुकानातल्या मॉनिटरला जोडून गेम लावला. बस झोकात वळण घेऊन गेली. एक धक्का नाही!

“घरी नाटकं करतं आणि इथे शहाण्यासारखं वागतं,” तो म्हणाला. “माझ्या वर्गातली कार्टी अशीच. हेडमास्तर दारात दिसले की सगळी संत.”

मी हसले. तिथेच माझं चुकलं.

मी पंख्यांतली धूळ काढून मशीन परत दिलं. तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर, या वेळी रिकाम्या हातांनी. “एक दिवस छान चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुम्ही घरी येऊन बघाल का?”

मी काही म्हणायच्या आत आतून मामा ओरडला, “येईल की! पण लवकर बोलावून घ्या. लांबच्या शहरात मोठ्या कंपनीने बोलावलंय तिला. आठ दिवसांत उत्तर द्यायचंय!”

मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मास्तरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते फार सभ्यपणे म्हणाले, “अभिनंदन,” आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दोरीला चिमट्यांनी लावलेली मुलांची चित्रं वाळत होती आणि घरभर रंगांचा ओलसर वास होता. काका स्टिअरिंगसमोर बसले होते, रुसलेल्या मुलासारखे.

“या इंजिनीअरबाई! बघा ही गाडी कशी अडतेय.”

मी बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. तो साठच्या पुढे हवा, इथे होता अठरा. मी मशीन बंद केलं, सगळ्या वायरी काढल्या, टेबलाखालून कॅबिनेट बाहेर ओढला, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या आणि वायरी जोडून गेम लावला. साठ! काकांनी शीळ घातली आणि ते नसलेल्या प्रवाशांवर खेकसले, “पुढे सरका, पुढे सरका!”

आम्ही दोघं त्यांच्यामागे उभे होतो. जागा चिंचोळी. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि दोघांपैकी कुणीच सरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा अडखळली.

मी पुन्हा गेले. पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, नवा घातला. “म्हणजे बाबांना काढून दुसरा ड्रायव्हर?” तो कानाशी कुजबुजला आणि मला हसू आवरेना. मागे आपोआप चालणारे चार प्रोग्रॅम बंद केले, सवयीने पुन्हा सगळं सोडवून जोडलं. झकास चाललं.

“तुम्ही मुद्दाम बिघडवता का हो?” जिन्यात मी विचारलं.

“मला येत असतं तर...” तो थांबला. “म्हणजे, येत नाही मला. खरंच.”

रस्ताभर मी ते अर्धं वाक्य पूर्ण करत होते. सांगायला लाज कसली, मी प्रेमात पडले होते. आणि नोकरीच्या पत्राला उत्तर द्यायला तीन दिवस उरले होते. त्याने “थांबा” म्हणावं एवढंच मला हवं होतं. आणि हा नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं बोलायचा.

पुढच्या फेरीत मशीन सुरळीत केल्यावर मी निघाले नाही. काकांनी कॉफीचा आग्रह केला, मी बसले. त्यांची बस शेवटच्या थांब्याला लागली. काकांनी मशीन बंद केलं आणि मग खुर्चीतूनच कॅबिनेटमागे हात घालून एकेक वायर ओढून उपटली, गुंडाळून ठेवली, वर फडकं घातलं.

“काका, हे काय?”

“गाडी डेपोत लावली की बॅटरीची वायर काढायची. तीस वर्षांत एक दिवस चुकलो नाही.”

“आणि सकाळी?”

“सकाळी लावतो की. वाकता येत नाही, हात पोचेल तिथे लावतो.”

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मॉनिटरची वायर लावायला कॅबिनेटच्या मागे दोन सारखी सॉकेट्स होती. खालचं ग्राफिक्स कार्डाचं, गेमसाठी तेच हवं. वरचं साधं, पत्रं टाइप करण्यापुरतं. काकांचा हात वरच्यापर्यंतच पोचायचा. आणि मी शहाणी! प्रत्येक वेळी वायर कुठून काढतेय ते न बघताच काढायची आणि बरोबर जागी लावायची. म्हणून मी किंवा मुलाने जोडली की गाडी सुधारायची आणि सकाळी पुन्हा बिघडायची.

मी तोंड उघडणार, तोच त्याने माझं मनगट धरलं आणि मला बाहेर जिन्यात नेलं.

“त्यांना सांगू नका. आपल्याच हाताने बिघडत होती, हे कळलं तर ते पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत.”

“मग काय, खोटं बोलू?”

“थोडंसं.”

मनगट त्याच्या हातातच होतं. त्याच्या लक्षात आल्यावर त्याने ते घाईघाईने सोडलं, आणि मला त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या सॉकेटला रबरी टोपण लावलं आणि कॅबिनेट टेबलाखालून काढून बुटक्या कपाटावर ठेवला, काकांच्या हाताशी. “काका, हे वरचं सॉकेट खराब निघालं. आता या खालच्यातच लावायची.”

“हल्लीचा माल!” काका नाक मुरडत म्हणाले. त्याने त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग मात्र गाडी अडखळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी तक्रार नाही. दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजलं की मी दचकायचे. देवा, एक धक्का तरी बसू दे, असं मी चक्क मनात म्हटलं. पत्राचा तो शेवटचा दिवस होता.

चारच्या सुमारास तो आला.

“काय बिघडलं?” मी विचारलं.

“काहीच नाही. बाबांच्या सकाळपासून दोन फेऱ्या झाल्या.” तो टेबलाची कड बोटाने घासत राहिला. “उत्तर पाठवलंत?”

“आता पाठवणार.”

“पाठवा. तुम्ही जायलाच हवं.”

 डोळे दिसू नयेत म्हणून मी पत्राकडे बघत राहिले.

“म्हणूनच मी गप्प होतो,” तो म्हणाला. “थांबा म्हणणं बरोबर नाही. आणि बाबांना सोडून मी कुठे येणार... काल रात्री त्यांनीच विचारलं, तोंड का पाडलंयस. मग सगळं सांगितलं.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे... तुम्ही मला आवडता. फार. ते.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, गाढवा, तिची नोकरी तिकडे असेल तर आपण तिकडे जाऊ. चित्रकलेच्या शाळा काय इथेच आहेत? तीस वर्षं मी लोकांना पोचवत आलो, आता मला कुणीतरी घेऊन जा.” त्याने श्वास घेतला. “तर... आम्ही दोघं आलो तर चालेल?”

काका त्या नव्या गावात आमच्याबरोबर नऊ वर्षं राहिले. ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली, पण घर शांत असलं की मला त्यांची आठवण येते आणि मग ती दुपार आठवते. त्याचं विचारून होताच मी टेबलावर चाचपडायला लागले. डोळे पुसायला जे हाताशी आलं, ते नेमकं मशीन पुसायचं फडकं निघालं. गालावर काळा पट्टा ओढला गेला. तो घाबरून बघत होता.

“म्हणजे... नाही का?”

“हो रे,” मी म्हटलं. “हो.”