मूळ नक्षत्राचं झाड

श्रावणातल्या रविवारी कुमुद महादेवाचं दर्शन घेऊन अमळनेरच्या एसटी स्टँडवरून घरी निघाली, तर समोरच धुळ्याची बस थांबली. आधी उतरले तिच्या शाळेतले विज्ञानाचे अभिमन सर... आणि त्यांच्या मागोमाग गणिताच्या लताबाई! हसत, पदर सावरत.

"कुमुदबाई, तुम्ही इकडे?" सर गडबडले.

"देवाला गेले होते."

तुम्ही कुठल्या देवाला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण श्रावणभर कुणाला टोचून बोलायचं नाही, असा तिचा नेम. तिने ते गिळलं, आणि तरातरा घरची वाट धरली.

त्या साली आपला माणूस अंतराळात जाऊन आला होता. त्या आनंदात शाळेनं गावाला हाताशी धरून नक्षत्रवन लावायचं ठरवलं. सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं. मुलांनी झाडं बघत आकाश शिकायचं. सर प्रत्येकाला जन्मनक्षत्र विचारत फिरले, ज्याचं झाड त्यानंच लावायचं. लताबाईंना तर दोनदा विचारलं.

"रोहिणी हो सर, किती वेळा सांगू!"

कुमुदला मात्र एकदाही नाही. आणि मुलीचं नक्षत्र विचारतात ते कशासाठी, हे काय तिला ठाऊक नव्हतं? तिचं मूळ नक्षत्र. सासऱ्याला वाईट म्हणून दोन स्थळं दारातूनच परत गेलेली.

सोमवारी लताबाईंनी रोहिणीचं जांभूळ लावलं. सरांनी स्वतः माती लोटली. कुमुदने पाठ फिरवली.

"बाई, थांबा ना... तुमचं राहिलं."

"माझं नक्षत्र विचारलंय कुणी?"

"चारचौघांत कसं विचारू? तुमच्या आईंना विचारलं." त्यांनी इवलंसं रोप पुढे केलं. "मूळ नक्षत्राचं झाड, राळ. आपल्याकडे मिळेचना. तीन रविवार धुळ्याच्या रोपवाटिकेत हेलपाटे घातले."

"एकट्यानेच?"

"येताना बसमध्ये लताबाई भेटल्या. त्यांचं घरच धुळ्याला."

रोप घेताना बोटाला बोट लागलं. तिने हात मागे घेतला नाही.

"मूळवालीचं नाव तुमच्या घरी काढून तर बघा—"

"काढलं. आबा, माझे वडीलच म्हणाले, 'येवू दे तिले. आते तं वर जायेल माणूस बी परत येस!'"

कुमुदला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

"मग... येणार?"

तिने खाली बसून माती दाबली. बराच वेळ दाबत राहिली.

"येईन. पण त्या जांभळीला उद्यापासून लताबाईच पाणी घालतील. तुम्ही नाही."