चाकाखालची लिंबं

"मॅडम, मी ती गाडी ठोकली नाय. पण संध्याकाळपर्यंत हे सिद्ध झालं नाय, तर गॅरेजमधून मी आऊट."

एवढं बोलून मितेश मंजुषाच्या समोरच्या खुर्चीत मटकन बसला. महाप्याच्या तिच्या गुप्तहेर कचेरीत एरवी लग्नाच्या स्थळांची चौकशी चाले. रेसच्या गाडीचं प्रकरण पहिल्यांदाच आलं होतं. मंजुषाचे साताऱ्याचे मामा जोतीराम तिचे मदतनीस होते. ते इतके हरखले की पाहुण्याचा चहा स्वतःच पिऊन बसले.

नावड्यात मितेश आणि त्याचा चुलतभाऊ धनेश यांचं भागीदारीत गॅरेज होतं. एका छपराखाली दोन धर्म! धनेश क्लच-गिअरचा भक्त, मितेश ऑटोमॅटिकचा. उद्याच्या ड्रॅग रेसला, सरळ रस्त्यावरच्या शर्यतीला, दोघं एकमेकांविरुद्ध उतरणार होते. आज सकाळी धनेशची गाडी समोरच्या लोखंडी कपाटात नाक खुपसून उभी दिसली. रेडिएटर फुटला होता. धनेशनं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं होतं, "ज्यानं हे केलं, त्यानं आजच्या आज इथून चालतं व्हायचं."

"लहानपणापासून एका ताटात जेवलोय हो आम्ही," मितेश म्हणाला.

मंजुषा आणि मामा त्याच्यासोबत गॅरेजात पोचले, तेव्हा धनेश गरजतच होता. "ऑटोमॅटिकवाल्याची फाटली, दुसरं काय! हातानं गिअर टाकायला छाती लागते."

"चुकीचा गिअर टाकायलापन तूच लागतो," मितेश पुटपुटला. वाट करून देण्यासाठी त्यानं बाजूची गाडी मागं घेतली. चावीला हात लावण्याआधी सवयीनं गिअरचा दांडा हलवून बघितला.

मंजुषा रेसच्या गाडीभोवती फिरली. खिडकीला काच नव्हती. चालकाच्या सीटवर एक हेल्मेट पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं होतं.

"हे कुणी बांधलं?"

"मीच, काल," धनेश म्हणाला. "अजून तसंच हाय."

"आणि काच?"

"काढली. हँडब्रेकपन काढला. वजन कमी, तर गाडी सुसाट."

"मग उभी कशी राहते?"

"पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवतो. चावीपन गाडीलाच. घरचंच गॅरेज, टेन्शन काय?"

पुढच्या दोन्ही चाकांमागं दोन लिंबं चिरडून पडली होती. रस अजून ओला होता.

"ही तुमची?"

"हॅ! मी लिंबं-बिंबं मानत नाय."

"करणी!" मामा मंजुषाच्या कानात कुजबुजले.

मागच्या घरात धनेशची बायको उन्नती भेटली. ती आडपडदा न ठेवता म्हणाली, "मला ती रेस नकोच होती. पण गाडी ठोकून काय होणार? नवरा दुसरी आणेल. मी माहेरी टेम्पो चालवलाय, क्लचला घाबरत नाय."

"हीच!" मामांनी निकाल देऊन टाकला.

धनेशची आई विमलबाई अंगणात देवळात जायच्या तयारीत होत्या. आज दुसऱ्यांदा, असं उन्नतीनं सांगितलं. "मना गारीचा काय ठाव गो," म्हणत त्यांनी अंगणातल्या जुन्या ऑटोमॅटिकच्या खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. एसी सुरू झाला. गाडी जागची हलली नाही. "रोज अशीच थंड करतंय. मंग सून मना देवलात सोडते."

मंजुषानं सगळ्यांना गॅरेजात बोलावलं.

"हेल्मेट जागच्या जागी बांधलेलं आहे. म्हणजे सीटवर कुणी बसलंच नाही. काच नसलेल्या खिडकीतून हात घालून चावी फिरवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, हँडब्रेक नव्हता. तिनं उडी मारली आणि कपाटावर आपटून बंद पडली."

"मितेशनंच फिरवली असंल," धनेश म्हणाला.

"जाणूनबुजून? मग लिंबांचं काय? गाडी मोडायला आलेला माणूस आधी तिच्या चाकाखाली लिंबू ठेवेल का? ती ठेवणाऱ्याला तुम्ही जिंकावं असं वाटत होतं. त्यानं पूजा केली आणि शुभ म्हणून गाडी चालू केली. मितेश आधी दांडा हलवून गाडी गिअरमध्ये नाही ना ते बघतो, ते त्याच्या हाडात आहे. उन्नती क्लचवरच शिकली. गाडी गिअरमध्ये असेल तर उडी मारते, हे तिला सांगावं लागत नाही. ते ठाऊक नाही फक्त एकाच माणसाला. रोज बाहेर उभं राहून, जागची न हलणारी ऑटोमॅटिक चालू करणाऱ्याला."

सगळ्यांच्या माना विमलबाईंकडं वळल्या.

"मी सांगालाच आले व्हते रं," त्या रडवेल्या झाल्या. "तवर तू चालतं व्हा म्हनालास. मना वाटला, रात्रीपर्यंत तुमचा राग निवंल." त्यांनी डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या. "चल बाय उन्नती, माझी पिशवी भर."

"आये, कुठं चाललीस!" धनेश आडवा धावला. मग त्यानं मितेशकडं बघितलं. दिवसभर गरजणाऱ्या त्या माणसानं हात जोडले. म्हणाला, "चुकलो मी. माफ कर."

मितेशनं आपल्या रेसच्या गाडीची चावी पुढं केली. "तुझी काय उद्यापर्यंत होत नाय. माझी पळव. बस, एक चक्कर मारून बघ."

मामा हौसेनं शेजारी बसले. धनेश ऐटीत निघाला आणि दहा पावलांवर त्यानं सवयीनं क्लच म्हणून डावा पाय दणकन दाबला. ऑटोमॅटिकला क्लच नसतोच; तिथं ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि मामांचं कपाळ समोर आपटलं.

मितेश पळत आला. आधी मामा धड आहेत ना ते बघितलं, मग खिडकीत वाकला. "डावा पाय मांडीखाली घे रे, भावा."

छातीवाल्या धनेशनं मुकाट्यानं पाय आखडून घेतला.