नावाचं पीठ

सोलापुरात आता एका घरात एकच पीठ नसतं. चार माणसं असतील तर चार पुडे, आणि प्रत्येक पुड्यावर ज्याचं त्याचं नाव छापलेलं. कॅन्सर होऊ नये म्हणून ज्याच्या त्याच्या जनुकांप्रमाणे बनवलेलं. हिरवी पट्टी असेल तर भारी पीठ, पिवळी असेल तर हलकं. महानंदाबाई रोज चार परातींत चार पिठं मळायच्या आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येक परातीच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायच्या. अकरा वर्षांत पराती वाढल्या, पण एकदाही चूक नाही. शेजारणींना बोलावून दोरे दाखवायच्या, इतकं कौतुक.

आणि तरी त्यांनाच आतड्याचा कॅन्सर झाला.

त्यांची मुलगी शाल्मली तशीच तणतणत दवाखान्यात गेली, आईला सोबत घेऊन. शाल्मलीचा नवरा कामाला परगावी असायचा, म्हणून ती आणि तिची चार वर्षांची ओवी आईवडिलांकडेच राहायच्या. बाबांचा आणि ओवीचा पुडा हिरवा, आईचा पिवळा, तिचाही पिवळा. आईचं जनुक तेच तिचं. मग तिचा जीव टांगणीला लागणार नाही तर काय?

"डॉक्टर, इतकं नेमानं खाऊनसुद्धा हे होत असेल, तर तुमच्या पिठाचा उपयोग काय?"

डॉ. मुजावर ही पिठाची योजना पहिल्यापासून सांभाळत होते. रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, पालेभाजीत फोलेट नावाचं जीवनसत्त्व असतं. आपली प्रत्येक पेशी दोन होताना आधी स्वतःच्या जनुकांची नक्कल उतरवते. त्या नकलेत चारच अक्षरं. त्यातलं एक बनवायला फोलेट लागतं. ते कमी पडलं की पेशी तिथं चुकीचं अक्षर चिकटवते, मग ते उपटायला जाते आणि धागाच तुटतो. असे धागे तुटत राहिले की कॅन्सरची सुरुवात."

"मग सगळ्यांनाच भरपूर द्या की."

"तिथंच तर गोची आहे. फोलेट वापरणारा एक कामगार असतो पेशीत, आम्ही त्याला विकर म्हणतो. काहींचा जन्मतःच मंद, काहींचा चपळ. तुमच्या बाबांचा मंद, त्यांना भारी पीठ लागतं. या मावशींचा, तुमच्या आईचा, चपळ. आणि चाळिशीनंतर पोटात कुठंतरी दोन-चार बिघडलेल्या पेशी झोपलेल्या असू शकतात. त्यांनाही वाढायला तेच फोलेट हवं असतं. चपळ माणसाला जास्त दिलं, की आपण त्यांनाच खुराक दिला."

मग त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "मावशींच्या रक्तात फोलेट चौपट आहे. मावशी, खरं सांगा. कुणाच्या पिठाची भाकरी खाल्ली का?"

महानंदाबाईंचा चेहरा लाल झाला. "मी दुसऱ्याच्या पिठाला हात लावत न्हाई. भिंतीला विचारा."

भिंत म्हणजे स्वयंपाकघरातलं ते बोलकं यंत्र. योजनेतल्या प्रत्येक घरात असायचं आणि जेवण झालं की ज्याला त्याला काय जेवलात ते विचारायचं. डॉक्टरांनी नोंद उघडली. अकरा वर्षं, दुपार-संध्याकाळ, महानंदाबाईंचं एकच उत्तर. एक भाकरी, माझ्या पिठाची.

"बघा," त्या म्हणाल्या. "देवाशपथ खरं हाये."

आणि होतंही खरं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाल्मली दाराला टेकून नुसती बघत बसली. बाबांनी दीड भाकरी खाल्ली, अर्धी ताटात ठेवून उठले. ओवीनं कडा कुरतडून मधलं तसंच टाकलं. महानंदाबाई शेवटी बसल्या. आजारी हातानं आपली एक भाकरी खाल्ली. मग बाबांची अर्धी पुढ्यात ओढली, ओवीचे तुकडे त्यात घातले, उरलेल्या आमटीत कुस्करलं आणि चार घासांत पातेलं, ताट सगळं लख्ख.

भिंत म्हणाली, "महानंदाताई, काय जेवलात?"

"एक भाकरी. माझ्या पिठाची."

"आई," शाल्मलीनं रिकाम्या ताटाकडे बोट केलं, "आणि आत्ता हे खाल्लंस ते?"

"ते काय जेवण हाय का गं? उरलं होतं ते."

रोज डोळ्यांसमोर चालायचं, म्हणून तर कधी दिसलंच नव्हतं. शाल्मलीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"घरोघरी असंच चालतं?"

"आमच्या गल्लीत तरी अन्न टाकणारी बाई मला माहीत नाही."

"आमच्या तक्त्यात दीड लाख बायका आहेत ताई, पिवळ्या पिठाच्या," डॉक्टर हळूहळू बोलायला लागले. "चाळिशीपुढं त्यांना हा आजार पुरुषांच्या तिप्पट. आम्हाला वाटलं, हलक्या पिठानं त्यांना फोलेट कमी पडतंय. म्हणून तीन वर्षांपूर्वी बायकांच्या पिवळ्या पुड्यात आम्ही ते वाढवलं."

शाल्मलीनं परातीच्या दोऱ्यांकडे बघितलं.

"तुम्हीही या रक्त तपासायला," डॉक्टर म्हणाले.

"मी कशाला? मी माझंच खाते हो."

तोंडातून वाक्य गेलं आणि तिला ते आपल्याच कानांनी ऐकू आलं. ओवीचं ताट रात्री कोण चाटूनपुसून ठेवायचं?

रिपोर्ट आला. तिचं फोलेट दुपटीच्या वर. डॉक्टर म्हणाले, झालं ते झालं, अजून वेळ गेलेली नाही. पुडे आम्ही पूर्वीसारखे हलके करतो. औषध नको, काही नको. उरलेलं फक्त टाकायचं. गुरांनाही घालायचं नाही, हे पीठ त्यांना चालत नाही. त्यांनी झाकणाचा एक डबाही दिला, पायानं उघडणारा.

त्या संध्याकाळी ओवीनं चतकोर भाकरी ठेवली. चतकोर तुपात भिजलेला, अजून ऊन. शाल्मलीनं तो उचलून पायानं डबा उघडला. आतून फिनेलचा वास आला. पाय तसाच दाबून ती उभी राहिली.

"टाकतीस?" कॉटवरून महानंदाबाईंनी विचारलं. त्यांना आता उठवतही नव्हतं.

"टाकायलाच पाहिजे आई. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"ज्वारी हाय ती. कुणीतरी राबलंय तिच्यासाठी."

"माहीत आहे मला."

"मग दे इकडं." त्यांनी अंगावरच्या चादरीतून हात बाहेर काढला. मनगट इतकं बारीक झालं होतं, की बांगडी कोपरापर्यंत घसरली. "मला तर झालंच हाय. आता आणि काय व्हायचंय? दे."

"आई, त्यानं ते वाढतं. तुझंच वाढेल."

"वाढू दे. तू हो बाजूला. डब्यात न्हाई बघवत मला."

हात तसाच पुढे. हलतही नव्हता. शाल्मलीचा पाय डब्यावरून निघाला, झाकण खाली पडलं. ती दोन पावलं कॉटकडे गेली. आईची बोटं भाकरीपर्यंत पोचणार, एवढ्यात तिनं हात मागं घेतला आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

"शाल्मलीताई," भिंत म्हणाली, "काय जेवलात?"