न पाहिलेली लेक

"प्रफुल्ल, दार उघड रे... निदान भांड तरी माझ्याशी!"

बंद दारावर कपाळ टेकून मैथिली हुंदके देत होती, आणि आतून नेहमीसारखीच ती जीवघेणी शांतता! त्यांची लेक मृतच जन्मली, तेव्हापासून प्रफुल्लने तिचा विषय कधी काढला नव्हता. तो जितका दूर सरे, तितकी मैथिली व्याकुळ होऊन त्याला बिलगू पाही, आणि तो आणखीच आक्रसून जाई...

अखेर तिनेच त्याला हट्टाने बाळकुमच्या घरून ठाण्यातल्याच समुपदेशक दर्शनाताईंकडे नेलं. तिथे हळूहळू उमगलं, आई गेली तेव्हा लहानग्या प्रफुल्लला वडिलांनी दटावलं होतं, "रडायचं नाही!" तेव्हापासून दुःख झालं की तो स्वतःला कोंडून घेत असे. दर्शनाताईंनी साधंच सांगितलं: आत जाताना 'परत कधी येतो' ते त्याने सांगायचं, आणि तोवर तिने दार वाजवायचं नाही. सुरुवातीला मैथिलीचा जीव कासावीस झाला! पण तो शब्द पाळून बाहेर येई, शेजारी बसे, आणि 'तो आपल्याला सोडून जाईल' ही तिच्या मनातली जुनी धास्ती कणाकणाने ओसरू लागली.

मग एका दुपारी, दर्शनाताईंसमोरच, त्याचा बांध फुटला.

"बाळ दाखवा म्हणालेलीस तू... अर्धवट शुद्धीत होतीस. मीच नर्सला नको म्हणालो. वाटलं, तुला सहन नाही होणार. मी एकटाच घेऊन गेलेलो तिला पुरायला, कोलशेतला, खाडीजवळ... मांडीवर घेतलेलं मी तिला!"

"आणि मी?" मैथिलीने विचारलं.

ज्याला ती पाषाणहृदयी समजत होती, त्याने सारं ओझं एकट्याने वाहिलं होतं. पण त्यानेच तिच्याकडून लेकीचं एकमेव दर्शनही हिरावून घेतलं होतं!

ती शहाडला माहेरी निघून गेली. पूर्वीचा प्रफुल्ल गप्प बसला असता. आता मात्र तो रोज फोन करी, तिने उचलला नाही की मेसेज पाठवी, "फोन नको उचलूस हवं तर. मी उद्या पुन्हा करतो." आणि करी.

एके सकाळी तिने फोन उचलला. "मला तिच्याकडे घेऊन चल."

खाडीकाठच्या त्या ओसाड जमिनीवर काहीच खूण उरली नव्हती. अंदाजाने एक जागा दाखवून प्रफुल्ल ढसाढसा रडू लागला. मैथिलीने त्याला जवळ घेतलं नाही... तेवढी क्षमा तिच्यापाशी अजून नव्हती. ती मातीवर बसली, आणि शेजारची जागा तिने हाताने साफ केली.

"बस. केस होते का रे तिला?"

"होते... दाट, तुझ्यासारखे."

"आणि डोळे?"

"मिटलेले होते गं."

मैथिलीचे अश्रू मातीत टपटपत राहिले. "सांग," ती म्हणाली, "अजून सांग..."