पाण्याकडची खुर्ची

खोटं वाटलं तर वाटू दे. घडलंय ते आमच्याच घरात, आणि अजून संपलेलं नाही.

मी औषधाच्या दुकानात काम करते. तिथे एक गोळी इकडची तिकडे झाली तर माणूस जीवानिशी जातो. त्यामुळे तिखटमीठ लावून सांगायची मला सवय नाही. जसं झालं तसंच सांगते.

शनिवार होता. संध्याकाळचे सहा. बाहेर चांगला उजेड होता.

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डोळ्यावर अजून प्लास्टिकचं झाकण होतं. सगळं नीट पार पडलं म्हणून नवऱ्याने आम्हाला मासे खायला नेलं. आमची चिंगी साडेसहा वर्षांची. आठ वाजता डुलक्या घेते, म्हणून आमचं जेवण नेहमी लवकर.

हॉटेल पाण्यावरच होतं. लाकडी खांब, लाकडी फळ्या, आणि खाली पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. आमच्याशिवाय कोणीच नव्हतं.

टेबल चौघांचं. पण पाण्याकडची खुर्ची उलटी करून कठड्याला टेकवलेली होती. नवऱ्याने ती सुलट केली आणि आईंच्या डाव्या हाताला लावली.

"चिंगे, ही तुझी. आजीच्या शेजारी."

मासा आला. अख्खा, ताटाएवढा. काटे काढण्यात आईंचा हात धरणारं कोणी नाही. डोळे मिटून काढतात, आणि नातीला स्वतःच्या हाताने भरवतात. घरचा रिवाजच आहे तो.

तेवढ्यात नवऱ्याला फोन आला, तो बाहेर गेला. चिंगीला दारातल्या टाकीतले जिवंत खेकडे बघायचे होते. मी तिला घेऊन गेले. जाताना आईंना सांगितलंही, पण त्या काट्यांत गुंग होत्या.

दहा मिनिटं झाली असतील.

परत येताना लांबूनच आईंचा आवाज आला...

"आ कर. शहाणी गं माझी ती! आज कशी गपगप खातेय."

चिंगीचा हात माझ्या हातात होता.

मी थांबले. आईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. आई खाली माशाकडे बघत होत्या. हात घास घेऊन डावीकडे गेला...

आणि रिकामा परत आला.

"अगं, चावतेस काय!" आई हसल्या.

"आई..." मी कशीबशी म्हटलं. "चिंगी माझ्याजवळ आहे."

त्यांनी मान पूर्ण वळवली. रिकामी खुर्ची बघितली. मग आम्हाला बघितलं. हात चटकन मागे घेतला.

ताटात नुसता सांगाडा होता. आईंची स्वतःची प्लेट कोरडी. आणि खुर्चीची बैठक... ओली. फळ्यांवर पाणी ठिबकत होतं.

मी त्यांचं बोट बघितलं. दातांचे बारीक ठसे होते. वर चार, खाली चार.

चिंगीचे पुढचे दोन्ही दात त्याच आठवड्यात पडले होते.

म्हातारा वेटर हात धुवायला कोमट पाणी घेऊन आला. खुर्ची बघून त्याने भांडं खालीच ठेवलं.

"ही कुणी सुलट केली?" मग हळूच, "आजी, हाताने भरवलंत का?"

"हो. का हो?"

त्याने खुर्ची पुन्हा उलटी करून कठड्याला टेकवली. बिलही आणलं नाही. नुसतं म्हणाला, "ताई, पोरीला घ्या आणि निघा."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला घरी आई चिंगीला भरवायला बसल्या. घास पुढे केला...

"आजी, मी तोंड उघडलंच नाही अजून."

आईंचा हात रिकामा होता.

मग हे रोजचंच झालं. कोणीही भरवा, चमच्याने द्या, तिला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, चिंगीच्या तोंडापर्यंत घास पोचायचाच नाही. दूध तेवढं पोटात जायचं. तीन आठवड्यांत पोर निम्मी झाली. डॉक्टरांना काही सापडेना. मी रात्रंदिवस रडत होते.

शेवटी एका संध्याकाळी आईंनी बाजारातून मासा आणला. काटे काढले आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.

"मी एकदा भरवलंय ना, आता मलाच भरवू दे," त्या दाराआडून म्हणाल्या. "तिचं पोट भरलं की ती आपल्या चिंगीच्या घासाला हात लावणार नाही."

त्या दिवशी चिंगी पोटभर जेवली.

तेव्हापासून आई रोज सहाला आत जातात. आम्ही बाहेर बसतो. आतून आवाज येतो... "आ कर. हळू गं, हळू."

चिंगीने छान अंग धरलंय. पुढचे दात आलेत.

आई बाहेर येतात तेव्हा पदरात हात लपवतात. मी काही विचारत नाही. दुकानातून कापूस आणि पट्ट्या आणते, आणि त्यांचा हात बांधते. मला लाज वाटते, पण मी त्यांना थांबवत नाही.

काल चौथं बोट बांधलं.

आता त्या हाताचा फक्त अंगठा उरलाय. आणि चिंगी विचारतेय, "आई, नंतर कोण भरवणार गं तिला?"