खडी विंचरणारा

डोंगर ओलांडून दुसऱ्या शहराकडे उतरताना तो महामार्ग शेवटी असा काही तीव्र होतो की अवजड गाड्यांचे ब्रेक तापून हात टेकतात. अशा सुटलेल्या गाड्यांसाठी तिथे बाजूला एक चढण काढली आहे, सैल खडीने भरलेली. गाडी तिच्यात शिरली की चाकं रुततात. चढणीच्या टोकाला मातीचा बांध आणि बांधापलीकडे सरळ दरी.

ही खडी सैल ठेवणाऱ्याला सगळे फणीवाला म्हणत. बांधापासून सुरुवात करून, फणीसारख्या दातांचं लोखंडी दाताळं ओढत, मागे मागे सरकत तो रस्त्यापर्यंत यायचा. त्यामुळे त्याच्या पावलाचीही खूण उरत नसे.

"आज भांग कुठून पाडला?" क्रेनवाला चिडवायचा. फणीवाला हसायचा. काम, घर, बायको, लेक, सगळं कसं मनासारखं होतं.

त्या दुपारी एक ट्रक खडीत घुसला. क्रेनने तो ओढून काढेपर्यंत खडी दबून रस्त्यासारखी टणक झाली. लगेच विंचरायला हवी होती. पण धुकं उतरलं, हातभर अंतरावरचं दिसेना. उद्या बघू, असं म्हणत फणीवाल्याने चढणीशेजारच्या आपल्या चौकीत चहा ठेवला.

धुक्यात महामार्ग मुका होतो. खिडकीतून ओल्या मातीचा वास आला, आणि पाठोपाठ आवाज... खर्र... खर्र... खडीवरून लोखंड ओढल्याचा.

"कोण आहे?"

आवाज चालूच राहिला. फणीवाल्याने वळून पाहिलं. त्याचं दाताळं दाराआड होतं. बाहेर जायला काही पाय उचलेना.

मग एक गाडी सुसाट आली, खडी कडाडली आणि सगळं शांत झालं. तेव्हा मात्र तो धावला. धुक्यातून बायको चालत येत होती, खांद्यावर झोपलेली लेक. माहेराहून स्वतः गाडी चालवत परतत होती.

"अहो, ब्रेकच लागेना," ती म्हणाली. "बरं झालं, तुम्ही तिथे होतात."

"मी...?"

"दाताळं वर करून आत बोलावलंत की. गाडी अशी अलगद रुतली, चिमणी जागीसुद्धा झाली नाही."

फणीवाल्याने लेकीला घट्ट धरलं. त्या टणक खडीवरून गाडी थेट दरीत गेली असती, आणि तीही आपल्या आळसापायी. त्याला रडू आवरेना.

संध्याकाळीच क्रेनने गाडी काढली. खडी उकरलेली राहिली. सकाळी येऊन पाहतो तर सगळी नीट विंचरलेली. तो कडेकडेने बांधापर्यंत गेला. ओल्या मातीत दोन अनवाणी पावलं होती. बोटं रस्त्याकडे, टाचा दरीकडे. कुणीतरी विंचरत, मागे मागे सरकत तिथवर आलं होतं. तिथून पुढे पाऊल नव्हतं.

"आज लवकर भांग पाडलास?" क्रेनवाल्याने विचारलं.

"हं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने एक जादा दाताळं बांधाला टेकवून ठेवलं. आता कितीही धुकं उतरलं तरी त्याला घोर नसतो. तो निवांत चहा पितो. फक्त त्याआधी खिडकी लावून घेतो.